श्रवण केंद्रातली जागा

कानाच्या मशीनच्या दुकानात माणूस हवा आहे, हे अंबिकाला कळलं ते सासऱ्यांचं मशीन दुरुस्तीला नेलं तेव्हा. दुकान बनारसच्या सिगरा भागात होतं, पहिल्या मजल्यावर, आणि पाटीवर दुकान न म्हणता 'श्रवण केंद्र' असं लिहिलेलं होतं. काचेच्या दारावर एक छापील कागद चिकटवला होता: विक्रीसाठी महिला पाहिजे, वयाची अट नाही, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. अंबिकाने तो आत जाताना वाचला आणि बाहेर येताना पुन्हा वाचला. मशीनमध्ये घाम शिरला होता, बाकी काही बिघाड नव्हता. ते पुसून घेऊन ती मैदागिनपर्यंत ई-रिक्शाने आली आणि तिथून गल्ल्यांमधून चालत दूधविनायकला, घरी.

ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. माहेर सागरचं, बीए तिथेच झालेलं. लग्न होऊन बनारसला आल्यापासून तिने पगार मिळेल असं काही केलं नव्हतं. काम मात्र पुष्कळ केलं होतं. नवरा यज्ञेश्वर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची तीर्थश्राद्धं आणि इतर विधी करायचा, आणि यात्रेकरू घरीच उतरायचे. नाशिक, सांगली, अमरावतीहून फोन यायचे ते अंबिका घ्यायची. कुठल्या तिथीला यावं, बरोबर काय आणावं, म्हाताऱ्या आईला घाटाच्या पायऱ्या झेपतील का, हे सगळं तीच सांगायची. माणसं आली की त्यांचा चहा, जेवण, औषधं, रुसवेफुगवे, परतीची गाडी चुकली तर पुढची सोय. वरच्या दोन खोल्या वर्षातून क्वचितच रिकाम्या असायच्या.

गेल्या काही वर्षांत ते बदललं. लोक विमानाने येऊ लागले, कँटोन्मेंटकडच्या हॉटेलांत उतरू लागले. सकाळी विधी, दुपारी दर्शन, दुसऱ्या दिवशी अयोध्या. यज्ञेश्वरचं काम कमी झालं नाही, उलट वाढलं. कमी झालं ते अंबिकाचं. मुलगी बकुळ विद्यापीठात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळपर्यंत तिकडेच असायची. वरच्या खोल्यांत आता गाद्यांच्या वळकट्या होत्या. अंबिकाने त्या दोनदा ऊन दाखवून परत ठेवल्या. घरात तिची कोणाला अडचण नव्हती, आणि गरजही पूर्वीइतकी नव्हती. हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

सासऱ्यांच्या मशीनची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. दिनानाथशास्त्री रामघाटावरच्या एका पाठशाळेत वेद शिकवायचे. ऐंशी उलटल्यावरही रोज सकाळी काठी टेकत जायचे. त्यांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना स्वतःला ते मान्य नव्हतं. पाठशाळेत बलिया आणि देवरियाकडची मुलं पुष्कळ. त्यांच्या तोंडात 'श'च्या जागी 'स' यायचा, आणि दिनानाथशास्त्री तो जन्मभर दुरुस्त करत आले होते. एकदा अंबिका त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गेली, तर मुलं खुशाल 'स' म्हणत होती आणि म्हातारा डोळे मिटून मान डोलावत होता.

ती त्यांना सिगऱ्याला घेऊन गेली. तिथल्या विक्रेत्याने सगळं बोलणं अंबिकाशी केलं आणि म्हाताऱ्याशी फक्त ओरडला. दिनानाथशास्त्री उठून जिना उतरू लागले. पुढे बरेच दिवस अंबिकाने विषय काढला नाही. मग एका दुपारी ते एकटे पान लावत बसले होते, तेव्हा तिने त्यांच्यासमोर बसून, नीट तोंड दिसेल असं बोलून विचारलं, "अण्णा, नेमकं काय ऐकू येत नाही?"

त्यांनी पान तोंडात घातलं, खूप वेळ चघळलं आणि म्हणाले, "आवाज येतो गं. शब्दाच्या कडा येत नाहीत."

तिने हे केंद्रात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. तिथली तपासणी करणारी मुलगी म्हणाली की हे नेमकं वर्णन आहे, बारीक आवाज गेले की असंच होतं. मशीन आठवडाभर वापरून बघायला मिळालं. अंबिकाने सासऱ्यांना सांगितलं की घरात घालायची गरज नाही, घरात ऐकण्यासारखं काही नसतंच. फक्त पाठशाळेत घाला. पहिल्याच दिवशी ते चिडून घरी आले. मुलांचे उच्चार पार बिघडलेत, कोणी लक्षच देत नाही, अशी तक्रार त्यांनी जेवताना केली. मशीन मग परत गेलं नाही.

दुकानाच्या दारावरच्या कागदाचं अंबिकाने सगळ्यात आधी बकुळला सांगितलं. सांगितलं तेही विषय सहज निघाल्यासारखं. बकुळने लगेच फोन हातात घेतला. बायोडाटा व्हॉट्सॲपवर पाठवायचा होता. तिने तो लिहायलाही घेतला. नाव, शिक्षण, भाषा मराठी आणि हिंदी. अनुभवापाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली की यात काही प्रॉब्लेम नाही. सागरच्या मामाचं पंखे-कूलरचं दुकान आहे, तिथे आईने दोन वर्षं काउंटर सांभाळलं असं लिहायचं. कोणी फोन केलाच तर मामा हो म्हणतील.

"मी त्या दुकानात उभीसुद्धा राहिले नाही कधी," अंबिका म्हणाली.

"आई, सगळे असंच लिहितात. दो साल म्हणजे खरोखरचे दो साल थोडेच असतात."

अंबिकाने तिला ते पाठवू नको म्हणून सांगितलं. खोटं नको, एवढंच कारण नव्हतं. सागरला कूलर विकल्याचं सांगितलं, तर केंद्रातली माणसं तिच्याकडून कूलर विकणाऱ्या बाईचीच अपेक्षा धरणार होती. मग खरा अनुभव कोणता लिहायचा, असं बकुळने विचारलं. अंबिका म्हणाली की यात्रेकरूंचं सगळं मीच बघत होते, ते लिहिता येईल. फोनवर माणसाची अडचण ओळखायची, त्याला काय हवं नको ते ठरवून द्यायचं. तेही एक प्रकारे तसंच काम.

यज्ञेश्वर आतल्या खोलीत उद्याच्या विधीचं सामान बांधत होता. त्याने हे ऐकलं. बाहेर येऊन तो चौकटीत उभा राहिला.

"आपण यजमानांना काही विकत होतो का?" त्याने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. तो परत आत गेला आणि त्या संध्याकाळी त्याबद्दल पुन्हा बोलला नाही. यज्ञेश्वर तापट माणूस नव्हता, बायकोने नोकरी करू नये असंही त्याचं म्हणणं नव्हतं. पण घाटावर यात्रेकरूंच्या मागे लागणारी, हाताला धरून ओढून नेणारी माणसं तो लहानपणापासून बघत आला होता, आणि आपण तसे नाही हे त्याने आयुष्यभर जपलं होतं. कोणी मोठा विधी करायचा म्हणून आला आणि त्याला त्याची गरज नसली, तर तो तसं स्पष्ट सांगायचा. विक्री या शब्दात त्याला ती घाटावरची ओढाताण दिसत होती. अंबिकाला हे कळत होतं. त्याचा गैरसमज आहे असंही तिला वाटत नव्हतं. पूर्वी केंद्रात जो विक्रेता सासऱ्यांवर ओरडला होता, तो तिलाही आठवत होता.

चार-पाच दिवस असेच गेले. अर्ज फोनमध्ये अर्धवट राहिला. शुक्रवारी ती संकठामातेच्या दर्शनाला गेली आणि परत येण्याऐवजी चौकात येऊन सिगऱ्याची रिक्शा पकडली. केंद्राच्या मॅनेजरबाई पन्नाशीच्या होत्या, लखनौच्या, बोलायला मऊ आणि कामाला घाईच्या. अंबिकाला त्या 'शास्त्रीजींची सून' म्हणून ओळखत. अंबिकाने त्यांना सरळ विचारलं की अनुभव नाही, तर अर्ज करण्यात अर्थ आहे का.

बाई म्हणाल्या, कंपनीला अनुभव हवा असतो कारण नवी माणसं पहिल्याच महिन्यात पळून जातात. अर्ज येईल तो वर पाठवणं त्यांचं काम, पुढचं त्या सांगू शकत नाहीत. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या की त्यांचा एक माणूस आज आलेला नाही आणि बाहेर लोक बसले आहेत. "आप बैठकर देख लीजिए एक दिन. पसंद न आए तो बात वहीं ख़त्म."

अंबिका थांबली. दोन जण आले आणि मशीनचे सेल घेऊन गेले. तिसरे आले ते रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बरोबर त्यांची बायको. तपासणी झाली. तपासणीवाल्या मुलीने कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि ती दुसऱ्या माणसाकडे वळली. मॅनेजरबाईंनी अंबिकाला मान हलवून खूण केली.

अंबिकाला आपण काय करणार हे माहीत होतं. ती त्या गृहस्थांसमोर बसली, तोंड दिसेल अशी, आणि सासऱ्यांना विचारलं होतं तेच हिंदीत विचारलं. नेमकं काय ऐकू येत नाही?

गृहस्थांनी काही म्हणायच्या आत बायकोने सांगायला सुरुवात केली. दाराची घंटा ऐकू येत नाही. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की शेजारी भांडायला येतात. नातवाने काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात आणि नातू हसतो. परवा मुलाच्या साहेबांचा फोन आला होता तर… गृहस्थांचा चेहरा हळूहळू लाल झाला. अंबिकाने त्यांच्या बायकोला थांबवायचा प्रयत्न केला, पण तिच्या आवाजात तो अधिकार नव्हता. गृहस्थ उठले. आपल्याला सगळं ऐकू येतं, हे जे चाललंय तेही ऐकू येतंय, असं म्हणून ते बाहेर गेले. बायको पर्स गोळा करत मागोमाग गेली. दार बराच वेळ हलत राहिलं.

अंबिका खुर्चीवर तशीच बसली. मॅनेजरबाई रागावल्या नाहीत. असे रोजच जातात, असं त्यांनी कागद फायलीत लावता लावता सांगितलं. मग त्यांनी चहा मागवला आणि दोघींनी तो प्यायला.

परत येताना अंबिका मैदागिनला उतरली. तिला वाटलं होतं की आपल्याला अपमान वाटेल, निदान रडू येईल. तसं काही झालं नाही. गल्लीतून चालताना ती त्या गृहस्थांचाच विचार करत होती. प्रश्न चुकला नव्हता. मग काय चुकलं? सासऱ्यांना तिने हाच प्रश्न विचारला होता तेव्हा घरात कोणी नव्हतं. वाटेत दही घ्यायचं होतं ते राहून गेलं. दोन वळणं पुढे आल्यावर तिला आठवलं आणि ती परत फिरली, तरी डोक्यातून तो माणूस जाईना.

रात्रीच्या जेवणाला यज्ञेश्वरला वाढताना तिने घडलेलं सगळं सांगितलं. आपण तिथे गेलो होतो हे आधी सांगितलं नव्हतं, तेही. तो ऐकत जेवत राहिला. दिनानाथशास्त्री शेजारीच बसले होते, पण मशीन काढून ठेवलेलं असल्याने त्यांना पत्ता नव्हता.

"बायकोसमोर विचारलंस?" यज्ञेश्वर म्हणाला.

"हो."

त्याने भातात आमटी कालवली. मग तो म्हणाला की श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं लागतात, आणि दहातल्या सात जणांना पणजोबांचं नाव माहीत नसतं. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं. बायकोमुलांसमोर विचारलं की त्यांचा चेहरा पडतो. काही जण चिडतात, काही जण तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळे होतात. "म्हणून मी विधी सुरू व्हायच्या आधी यजमानाला पाय धुवायच्या निमित्ताने खाली पाण्यापाशी नेतो. तिथे विचारतो. नाव आठवत नसेल तर आठवत नाही म्हणतो माणूस. नाव ठाऊक नसलं तर काय म्हणायचं, तेही शास्त्रात सांगितलंय. पण हे चारचौघांत नाही सांगायचं."

एवढ्या वर्षांत हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. तो यजमानाला आधी पाण्यावर नेतो, हा तिला विधीचाच भाग वाटत होता.

"तो माणूस पुन्हा येणार नाही," ती म्हणाली.

"नाही येणार. दुसरा येईल." मग तो म्हणाला, "अर्जात आपल्या यजमानांचं लिहू नकोस. एवढं माझं ऐक. बाकी तुला जायचं असेल तर जा."

अंबिकाने त्याचं ऐकलं. तिला ते पूर्ण पटलं होतं असं नाही. आपण जे केलं ते कामच होतं आणि त्याला नाव असायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं. पण ती माणसं तिची एकटीची नव्हती, त्याचीही होती. आणि आता तिला त्यांची गरज उरली नव्हती. जे लिहायचं होतं ते त्याच दिवशी घडलं होतं.

सकाळी तिने बकुळला बसवून अर्ज लिहून घेतला. अनुभवापुढे 'नाही' असं लिहायला लावलं. बकुळने कुरकुर केली, पण लिहिलं. खाली तिने दोन वाक्यं घातली. घरातल्या एका वृद्ध माणसाला मशीन वापरायला मी राजी केलं, आणि ते तीन वर्षं वापरत आहेत. तुमच्या केंद्रात एका दिवसासाठी बसले तेव्हा एक ग्राहक माझ्या चुकीने निघून गेला. ती चूक काय होती ते मला कळलं आहे.

"हे दुसरं कशाला लिहायचं? अपने ही पैर पर कुल्हाडी," बकुळ म्हणाली.

"राहू दे," अंबिका म्हणाली, आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं.

पुढे दोन आठवडे काही झालं नाही. मग मॅनेजरबाईंचा फोन आला. जागा एका मुलीला दिली होती, तिला मोबाइलच्या दुकानातला अनुभव होता. अंबिकाने बरं म्हटलं. बाई म्हणाल्या, बात पूरी सुन लीजिए. चौक, ठठेरी बाजार, गायघाट या भागातली म्हातारी माणसं जिना चढून केंद्रात येऊ शकत नाहीत आणि त्यांच्या गल्लीत गाडी जात नाही. त्यांच्या घरी जाऊन मशीन दाखवायला, कसं घालायचं ते शिकवायला कोणीतरी हवं, अशी मागणी बाईंनी कंपनीकडे केली होती. अंबिकाचा अर्ज त्यांनी सोबत जोडला होता. काम अर्ध्या दिवसाचं, पहिले तीन महिने परीक्षेचे. मुलाखतीला यायचं.

मुलाखत घेणारा माणूस तिच्यापेक्षा बराच लहान होता आणि संगणकाच्या पडद्यावरून बोलत होता. त्याने एकच महत्त्वाचं विचारलं. ती चूक काय होती? अंबिकाने सांगितलं. त्याने मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. त्याला ते पटलं की नाही, हे तिला कळलं नाही. आठवड्याभराने कामावर यायला सांगणारा निरोप आला.

पहिला महिना वाईट गेला. लोक दार उघडायचे, पाणी द्यायचे, तासभर घरच्या कहाण्या सांगायचे आणि मशीन नको म्हणायचे. एका घरात तिला विमा विकणारी बाई समजून बाहेरूनच परत पाठवलं. मॅनेजरबाईंनी दोनदा बोलावून आकडे दाखवले. अंबिकाने सोडून द्यायचा विचार एकदा केला, तोही गायघाटावरच्या एका उंच जिन्यात, गुडघा दुखत होता म्हणून. मग वर जाऊन पोचल्यावर तो विचार बाजूला पडला. दुसऱ्या महिन्यात थोडं बरं झालं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिला कायम केलं, मात्र अर्ध्या दिवसावरच. पूर्ण दिवसाचं पुढे बघू, असं सांगण्यात आलं.

यजमानांचे फोन आता दुपारपर्यंत यज्ञेश्वर स्वतः घेतो. त्याला ते नीट जमत नाही. तो थोडक्यात बोलतो, आणि लोक पुन्हा संध्याकाळी अंबिकाला फोन करून तेच विचारतात. ती कुठे जाते असं कोणी विचारलं, तर तो केंद्रात जाते एवढंच म्हणतो.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो ओट्यावर बसून दर्भ निवडत होता. तिने चपला काढल्या, पाय धुतले आणि पदराने तोंड पुसत त्याच्याजवळ बसली.

"आज कोण होतं?" त्याने विचारलं.

ठठेरी बाजारातल्या एक अम्मा होत्या, भांड्यांच्या दुकानामागच्या घरात. अंबिकाने सुनेला काहीतरी आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं होतं. मग अम्मांनी हळूच सांगितलं की सुनेचं बोलणं नाही ऐकू आलं तरी चालेल, पण पहाटे शेजारच्या मंदिरात कोणी भजन म्हणतं ते चार वर्षांत ऐकलेलं नाही.

"मग घेतलं?"

"उद्या पुन्हा बोलावलंय. पहाटे."

"पहाटे कशी जाशील?"

"चालत," अंबिका म्हणाली, आणि स्वयंपाकाला उठली.